पत्रिकेतलं 'स्टँ. टा.' म्हणजे काय प्रकार? (आणि वेळ-तारखांचे असलेच भन्नाट किस्से)

जुनी_ट्रंक:
आईकडच्या माळ्यावरची ट्रंक रिकामी करताना आजी-आजोबांची लग्नपत्रिका सापडली. १९४९ चं लग्न, गिरगावातलं. कागद पार पिवळा पडलाय पण वरचा गणपती अजून लालभडक. मुहूर्ताच्या ओळीत छापलंय 'सायंकाळी ६ वाजून ५२ मिनिटे (स्टँ. टा.)'. स्टँडर्ड टाईम एवढं कळलं, पण ते मुद्दाम कंसात कशाला? दुसरा कुठला टाईम होता की काय तेव्हा? आईला विचारलं तर म्हणे सगळेच तसं छापायचे, आणि आमच्या ह्यांचं म्हणणं की प्रेसवाल्याने जागा भरायला टाकलं असेल. कोणाला नक्की माहिती असेल तर सांगा ना. आणि वेळ, तारीख, कॅलेंडर ह्यातल्या अशाच विचित्र पण खऱ्या गोष्टी असतील तर त्याही येऊ द्या, इतिहासातल्या, पुस्तकांतल्या, कुठल्याही. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचं 'नासाही चकित झाली' छाप काही नको प्लीज.

गिरणगावचा_भोंगा:
होता ना ताई दुसरा टाईम, मुंबईचा स्वतःचा! बॉम्बे टाईम. ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, आणि स्टँडर्ड टाईम साडेपाच तास पुढे, म्हणजे दोघांत ३९ मिनिटांचा फरक. तुमच्या आजीच्या लग्नाला एखादा बॉम्बे टाईम लावलेलं घड्याळ बघून बरोब्बर ६.५२ ला पोचला असता तर तोपर्यंत अक्षता पडून गेलेल्या, तो थेट पंगतीलाच बसला असता. म्हणून कंस.

झालं काय की आधी प्रत्येक शहराची वेळ त्याच्या डोक्यावरच्या सूर्याप्रमाणे. कलकत्त्याची वेगळी, मुंबईची वेगळी, आणि रेल्वे मद्रासची वेळ धरून चालायची कारण ती साधारण मधली. मग १ जानेवारी १९०६ पासून सरकारने मिर्झापूरजवळून जाणारा ८२.५ अंश रेखांश धरला आणि सगळ्या देशाला एकच वेळ लावली. आता मुहूर्त बघा ह्यांचा, नुकतीच १९०५ ला बंगालची फाळणी झालेली, स्वदेशीची हवा तापलेली, आणि त्यात हे म्हणतायत तुमची घड्याळं ३९ मिनिटं पुढे करा. मुंबईकर भडकले. गिरणी कामगाराच्या तर हे थेट झोपेवर आलं, कारण समजा भोंगा सहाचा असेल तर तो सहालाच होणार पण सूर्याच्या हिशोबाने तेव्हा जेमतेम ५.२१ झालेले, म्हणजे पगार तोच आणि उठायचं अंधारात. जानेवारी १९०६ मध्ये हजारो कामगारांनी काम बंद पाडलं होतं ह्यावरून. लोकांना वाटतं गिरणी संप म्हणजे फक्त १९८२, त्याआधी घड्याळावरूनही झालंय.

सरकारी कचेऱ्या, रेल्वे, पोस्ट स्टँडर्डवर गेले आणि महापालिका अडून बसली ती बसलीच. एकाच शहरात दोन वेळा, कुठलंही घड्याळ बघितलं की आधी ते कोणाचं हे बघायचं. कलकत्त्याने १९४८ ला हट्ट सोडला, मुंबईने पार १९५५ पर्यंत धरला. आणि वर दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते ४५ स्टँडर्ड टाईमच एक तास पुढे ढकललेला होता. तुमच्या आजी-आजोबांनी १९४४ ला लग्न केलं असतं तर पत्रिकेचा तो कंस केवढा झाला असता विचार करा.

चहा_बिस्कीट:
म्हणजे मुंबईकर उशिरा येतात ह्याला ऐतिहासिक आधार आहे तर!!
बाकी एका देशात दोन वेळा हा प्रकार अजून आहे बरं का. आसामच्या चहाच्या मळ्यांत 'बागान टाईम' चालतो, स्टँडर्डच्या एक तास पुढे, इंग्रजांच्या काळापासून. तिकडे सूर्य इतका लवकर उगवतो की आपल्या घड्याळाने चालले तर पानं खुडायला निघेपर्यंत ऊन चढलेलं असतं. माझा साडू तिकडे नोकरीला होता, तो फोनवर कायम 'तुमचे दहा की आमचे दहा' असं विचारायचा, आम्हाला वाटायचं ह्याचं काहीतरी बिनसलंय.

पंचांगवाले_काका:
वरची माहिती बरोबर आहे, पण मुहूर्त लावणाऱ्या गुरुजींना ह्या दोन्ही टाईमशी काही देणंघेणं नव्हतं हे लक्षात घ्या. त्यांचा दिवस सूर्योदयाला सुरू. ६० घटकांचा दिवस, एक घटका २४ मिनिटांची. लग्नघरी पाण्याने भरलेलं घंगाळ असायचं आणि त्यात घटिकापात्र, म्हणजे तांब्याची पातळ वाटी, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाण्यावर सोडली की भोकातून पाणी आत चढत जातं, वाटी जड होत होत गटकन बुडते, झाली एक घटका. की परत काढायची, रिकामी करायची, परत सोडायची. एका माणसाचं कामच ते, वाटीवर डोळा ठेवून बसायचं आणि किती बुडाल्या त्याचा हिशोब ठेवायचा. बाहेर जेवणावळी उठतायत, मानापमान चाललेत, आणि हा आपला वाटीसमोर. त्याला डुलकी लागली तर मुहूर्त टळला. आता कुठे कुठे ती वाटी नुसती पूजेपुरती मांडतात, गुरुजी बघतात मोबाईल.

किस्सेच हवेत तर टिळक पंचांगाचा घ्या. लोकमान्य गणितात पक्के हे सगळ्यांना माहीत असतं, त्यांच्या नावाचं पंचांग चालतं हे नव्या पोरांना माहीत नसतं. राशिचक्र आकाशात मोजायला सुरुवात नेमकी कुठून करायची ह्यावरून वाद. दाते वगैरे बहुतेक पंचांगं चित्रा तारा धरून मोजतात, टिळक पंचांग रेवती धरून. दोघांत साधारण ४ अंशांचा फरक पडतो, आणि सूर्य दिवसाला अंशभर सरकतो, त्यामुळे टिळक पंचांगाची मकर संक्रांत येते १० जानेवारीच्या सुमारास, तुमचा तिळगूळ अजून वाण्याकडेच असतो तेव्हा. खरी गंमत अधिक महिन्यात. अधिक महिना कुठला हे संक्रांतींवरून ठरतं, म्हणून एखाद्या वर्षी दोन पंचांगांचे अधिक महिने वेगळे पडतात आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती महिनाभर आधी येऊन जातो. रत्नागिरीकडे अशी घरं आहेत. त्या वर्षी एका घरात मोदक, आरत्या, विसर्जन सगळं उरकलेलं आणि शेजारी अजून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायचीय. मुंबईच्या चाकरमान्याने रजा कुठली टाकायची?

भाऊंचा_मावळा:
संक्रांतीवरून आठवलं. पानिपत १४ जानेवारी १७६१, म्हणजे बरोब्बर संक्रांतीच्या दिवशी. म्हणूनच आपल्याकडे संक्रांत कोसळली असं म्हणतात. अंगावर काटा येतो.

पंचांगवाले_काका:
काटा येऊ द्या पण संक्रांत नव्हती हो त्या दिवशी. संक्रांत १४ जानेवारीला खिळा ठोकून बसवलेली नाही, ती साधारण दर ७०-७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते, म्हणून तर हल्ली बऱ्याचदा १५ ला येते आणि लोक विचारतात कालनिर्णय चुकलं का. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. आता १८६३ ला जी १२ तारखेला, ती त्याच्या शंभर वर्षं आधी १४ ला कशी येईल, मागेच जाईल ना? १७६१ ला संक्रांत १० जानेवारीला होती. पानिपत त्यानंतर चार दिवसांनी, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. सैन्याने संक्रांत उपाशीपोटीच काढली असणार, अन्नान्न दशा झालेली तेव्हा, ती गोष्ट वेगळी.

भाऊंचा_मावळा:
काका गणित बघतो, पण दरवर्षी त्या दिवशी इतके लेख येतात ते सगळे चूक का?

पंचांगवाले_काका:
हो.

दफ्तर_चाळणारा:
काकांनी तारखांना हात घातलाच आहे तर माझा आवडता किस्सा. शिवराज्याभिषेक कधी? ६ जून १६७४, पाठच असतं. आता त्या दिवशी रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता, त्याच्या कॅलेंडरप्रमाणे ६ जून. पण त्याच दिवशी गोव्यात पोर्तुगीज माणसाने रोजनिशी उघडली असती तर त्याने तारीख घातली असती १६ जून! कारण पोर्तुगालने पोपचं नवीन ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ लाच घेतलेलं आणि इंग्रज प्रोटेस्टंट, ते म्हणाले पोप कोण आम्हाला तारखा शिकवणार, ते आपले जुन्या ज्युलियनवरच अडून. मुंबई इंग्रजांची, गोवा पोर्तुगीजांचा, आणि एकाच किनाऱ्यावर दहा दिवसांचं अंतर. मधल्या कोकणातल्या माणसाला दोन्हींशी काही घेणं नाही, त्याच्यासाठी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आणि दरबारी कागदावर परत सुहूर सन वेगळाच, जो सूर्य मृग नक्षत्रात शिरला की बदलायचा, म्हणजे पेरणीच्या हंगामाला धरून. त्यात महाराजांनी त्या दिवसापासून स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला. जुनी पत्रं लावताना डोकं का फिरतं ते कळलं असेल. तिथी जुळते पण वार जुळत नाही, वार जुळतो तर सन जुळत नाही, मग लक्षात येतं की समोरचा कागद इंग्रजांचा आहे.

जयंतीच्या तिथी-तारखेच्या वादात मी पडणार नाही, हात जोडतो. एवढंच सांगतो की १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा ज्युलियन तारीख आहे. आजच्या कॅलेंडरप्रमाणे ती १ मार्च येते. आता कृपया धाग्याचा आखाडा करू नका.

आणि ते १५८२ चं कॅलेंडर बदललं तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर आला. स्पेनमधल्या संत तेरेसा नेमक्या त्या रात्री वारल्या. ४ तारखेच्या रात्री गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दफन, तारीख १५. त्यांचा सण आजही १५ ऑक्टोबरला असतो.

लंडनचा_पाहुणा:
वा, मस्त धागा. मी इथे अकाउंटिंगमध्ये आहे त्यामुळे हा घोळ दरवर्षी पोटापाण्याला लागतो. इंग्रजांनी शेवटी १७५२ ला ते पोपचं कॅलेंडर घेतलंच. तोपर्यंत फरक ११ दिवसांवर गेलेला. २ सप्टेंबर बुधवार, दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर गुरुवार. लोकांनी 'आमचे अकरा दिवस परत द्या' म्हणून दंगली केल्या असं सगळीकडे वाचायला मिळतं पण त्याला नीट पुरावा नाही, होगार्थच्या निवडणुकीवरच्या एका चित्रात ती घोषणा एका फलकावर दिसते आणि तिथून ती इतिहासात घुसली. दंगल झाली नाही पण कराचं लफडं झालं. हिशोबाचं वर्ष जुन्या पद्धतीने २५ मार्चला सुरू व्हायचं, ११ दिवस कमी पडले तर सरकारचा महसूल बुडणार, म्हणून वर्ष ११ दिवस पुढे ढकललं, ५ एप्रिल. मग १८०० हे ज्युलियनमध्ये लीप वर्ष पण ग्रेगोरियनमध्ये नाही म्हणून आणखी एक दिवस, ६ एप्रिल. आज इतक्या वर्षांनी मी इथल्या क्लायंटला सांगतो की तुमचं टॅक्सचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, तो विचारतो असं का, आणि मी मनात म्हणतो पोपमुळे.

अजून एक, हा तुम्हाला सगळ्यांना आवडेल. लंडनमध्ये रूथ बेलव्हिल नावाची बाई वेळ विकायची. खरंच, वेळ! तिचे वडील ग्रीनिचच्या वेधशाळेत कामाला, त्यांनी १८३६ ला हा धंदा सुरू केला, वेधशाळेच्या घड्याळाशी आपलं खिशातलं घड्याळ लावायचं आणि शहरभर घड्याळजींच्या दुकानांत फिरून दाखवायचं. ते गेल्यावर बायको, आणि १८९२ पासून मुलगी रूथ. घड्याळाचं नाव आर्नॉल्ड, बनवणाऱ्या कारागिरावरून, पण ती घरातल्या माणसासारखी त्याचा उल्लेख करायची. ग्रीनिचला जाऊन ते तपासून घ्यायचं, नेमकं किती सेकंद मागे-पुढे आहे त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग दारोदार. ग्राहक दार उघडणार, आर्नॉल्डकडे बघणार, आपलं घड्याळ लावणार, वर्षाची वर्गणी देणार. तारेवरून वेळ पुरवणाऱ्या एका कंपनीच्या साहेबाला हे खुपलं आणि १९०८ ला त्याने भर सभेत टोमणा मारला की बाईमाणूस आहे म्हणून हिचा धंदा चालतो. पेपरवाले हिच्या दारात, फुकटची जाहिरात झाली, गिऱ्हाईक वाढलं. रेडिओ आला, फोनवर वेळ सांगायला लागले, तरी ही १९४० पर्यंत आर्नॉल्ड घेऊन फिरत होती, तेव्हा ऐंशीच्या पुढे वय. शेवटी युद्धामुळे थांबली.

चहा_बिस्कीट:
तारखांचं चाललंय तर ३० फेब्रुवारी राहिली की! स्वीडनमध्ये १७१२ ला खरोखर ३० फेब्रुवारी होती. त्यांनी ठरवलं नवीन कॅलेंडरला एकदम उडी नको, १७०० पासून ४० वर्षं लीपचे दिवस गाळत गाळत हळूहळू जाऊ. १७०० चा गाळला, मग रशियाशी युद्ध सुरू आणि १७०४, १७०८ चा गाळायचा विसरले. आता ते ज्युलियनही नाहीत, ग्रेगोरियनही नाहीत, जगात एकटेच. वैतागून राजा म्हणाला परत मागे चला, म्हणून एक दिवस जादा घातला. कमिटी नेमून काम लांबवलं की काय होतं बघा.

आणि आपले मोरारजी देसाई, २९ फेब्रुवारी १८९६. १९०० लीप नव्हतं, त्यामुळे पहिला वाढदिवस आठव्या वर्षी. १९७७ ला पंतप्रधान झाले तेव्हा वय ८१ आणि खरे वाढदिवस झालेले १९.

वाचनवेडी_नाशिक:
पुस्तकांतलं मी सांगते. २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन, का, तर शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस दोघेही २३ एप्रिल १६१६ ला गेले. ऐकायला काय गोड वाटतं. पण वर दफ्तरवाल्या दादांनी सांगितलं तोच घोळ, स्पेन नवीन कॅलेंडरवर, इंग्लंड जुन्या. शेक्सपिअर प्रत्यक्षात दहा दिवसांनी गेला. आणि सर्व्हांतेससुद्धा गेला बहुधा २२ ला, २३ ला त्याचं दफन. म्हणजे एकत्र कोणीच गेलं नाही, तरी दिन साजरा होतो, होऊ दे, पुस्तकं खपतात.

ज्यूल व्हर्नचा फिलिअस फॉग सगळ्यांनी वाचलेला असेल, ८० दिवसांत पृथ्वी प्रदक्षिणा. तो मुंबईत २० ऑक्टोबर १८७२ ला उतरतो, त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खातो, बूट तिथेच सोडून पळतो. शेवटी फॉगला वाटतं आपण पैज हरलो, पण पूर्वेकडे जात राहिल्याने त्याने एक सूर्योदय जास्त बघितलेला असतो आणि लंडनमध्ये अजून शनिवारच असतो. हे लेखकाचं डोकं आहेच, पण असं उलट बाजूने खरंच घडलेलं आहे. मॅगेलानच्या मोहिमेतले उरलेसुरले लोक १५२२ मध्ये पृथ्वीला फेरी मारून केप व्हर्ड बेटांवर आले. पिगाफेट्टा रोज न चुकता डायरी लिहायचा, त्याच्या हिशोबाने बुधवार आणि किनाऱ्यावरचे म्हणतात गुरुवार. ते पश्चिमेकडे गेलेले, म्हणून त्यांचा एक दिवस गळला. आजारीही पडलो नाही, एक दिवस चुकवला नाही, मग गेला कुठे, असं त्याला झालं.

हा दिवस गाळायचा-वाढवायचा खेळ सामोआ बेटांनी तर दोन्ही बाजूंनी खेळलाय. १८९२ मध्ये अमेरिकेशी व्यापार म्हणून तिकडची तारीख घेतली, त्यासाठी एक दिवस दोनदा करावा लागला आणि तो त्यांनी मुद्दाम ४ जुलै निवडला, अमेरिकनांचा स्वातंत्र्यदिन, दोनदा! मग २०११ मध्ये व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी म्हणून उलटं, ३० डिसेंबर आलाच नाही, २९ नंतर थेट ३१.

त्याच सामोआत तेव्हा 'ट्रेझर आयलंड'वाला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन राहायचा. एका अमेरिकन अधिकाऱ्याची मुलगी, अ‍ॅनी आइड, जन्म नाताळचा, २५ डिसेंबर, म्हणून बिचारीला वाढदिवसाची वेगळी भेटच मिळेना. स्टीव्हन्सन कायद्याचा शिकलेला. त्याने १८९१ ला रीतसर दस्त केला, की मी आता ह्या वयाला आलोय की मला वाढदिवसाचा काही उपयोग नाही, तरी माझा १३ नोव्हेंबर हा दिवस मी हिच्या नावे करतो, भारी कपडे, खाणंपिणं आणि भेटवस्तूंच्या सर्व हक्कांसह. अटी पण घातल्या, मुलीने नावात लुईसा लावायचं, आणि वाढदिवस जपून वापरायचा कारण तो आता पूर्वीइतका तरुण राहिलेला नाही. अटी मोडल्या तर वाढदिवस जाणार अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे! साक्षीदारांच्या सह्यांसकट.

जुनी_ट्रंक:
बापरे, एका कंसावरून कुठे पोचलो. हे स्टीव्हन्सनचं आमच्या भाचीला सांगते, तिचा वाढदिवस नेमका लक्ष्मीपूजनाच्या आसपास येतो आणि दरवर्षी फटाक्यांच्या खर्चात धरतात.

मास्तरांचा_नातू:
वाढदिवस दान करायचा तर आमच्याकडे तो मान गुरुजींचा हो, आणि दस्त-बिस्त काही नाही, हजेरीपटावर एक ओळ. आई-बाप पोराला शाळेत घालायला आणायचे, जन्मतारीख विचारली की उत्तर 'पोळ्याच्या पुढं-मागं' नाहीतर 'मोठा पूर आला त्या साली'. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे, कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, आणि शाळा जूनमध्ये सुरू म्हणून तारीख टाकायची १ जून. माझ्या आजोबांनी, मास्तर होते ते, अशा किती पोरांना १ जून दिला असेल देव जाणे, स्वतःच्या दोन पोरांना पण तोच दिला, म्हणजे कागदोपत्री माझे वडील आणि काका एकाच तारखेचे.

ह्याचा हिशोब पुढे ५८ वर्षांनी निघतो. १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो, त्यामुळे दरवर्षी ३१ मे ला जिल्हा परिषदा, शाळा, कचेऱ्या सगळीकडे एकदम रांगेने निरोप समारंभ. वडिलांच्या वेळी तालुक्याला एकाच मांडवात सगळ्यांचे सत्कार उरकले, शाली कमी पडल्या म्हणून शेवटच्या दोघांना नुसते नारळ, आणि त्यातल्या एकाची आई पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना सांगत होती की ह्याचा जन्म आखाडातला आहे, अजून दोन महिने नोकरी बाकी असायला पाहिजे होती.